अ‍ॅड्रिनलच्या गाठीचा रिपोर्ट अर्धवट नको: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. पोटाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये वारंवार दिसणाऱ्या एका वाक्याबद्दल हे पत्र लिहीत आहे: 'डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ दिसते, इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे.' स्कॅन केलेला असतो मुतखड्यासाठी किंवा अपघातानंतर. गाठ योगायोगाने सापडते. रुग्ण तो कागद घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मनात एकच शब्द घुमत असतो: कॅन्सर.

अ‍ॅड्रिनल म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या छोट्या ग्रंथी. प्रौढांच्या पोटाच्या सीटीमध्ये सुमारे 4 ते 5 टक्के जणांत अशी गाठ आढळते, आणि वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. बहुतेक गाठी निरुपद्रवी, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, अ‍ॅडिनोमा असतात. या ग्रंथीच्या बाह्य थरातून उद्भवणारा कॅन्सर मात्र दर 10 लाख लोकांत वर्षाला एखाद-दोघांनाच होतो. त्या एखाद-दोघांना वेळेत ओळखायचे आणि बाकीच्यांना निर्धास्त करायचे, हे काम स्कॅन बऱ्याच अंशी करू शकतो. अट एवढीच की तो नीट काढला आणि नीट वाचला पाहिजे.

सीटीमध्ये ऊतींची घनता हाउन्सफिल्ड एककात मोजतात. पाण्याची घनता 0, हवेची उणे 1000. अ‍ॅडिनोमाच्या पेशींत सहसा मेद भरलेला असतो, म्हणून त्याची घनता कमी भरते. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, चित्र उठावदार करणारे औषध) न देता काढलेल्या चित्रांत गाठ एकजिनसी असेल आणि घनता 10 किंवा त्याहून कमी असेल, तर ती निरुपद्रवी धरता येते. युरोपीय तज्ज्ञांच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा गाठीसाठी, तिचा आकार कितीही असला तरी, पुन्हा स्कॅन करण्याची गरज नाही. हा एक आकडा मोजायला मिनिटभरही लागत नाही, तरी कितीतरी रिपोर्टांत तो नसतो. पुष्कळदा स्कॅन थेट कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला असतो आणि मग गाठीची मूळ घनता कळायला मार्गच उरत नाही. अशा वेळी साधा, विनाकॉन्ट्रास्ट सीटी करून घ्या, असे रिपोर्टमध्येच स्पष्ट लिहायला हवे.

घनता 10 च्या वर गेली की काम खरोखर अवघड होते. जवळजवळ एक तृतीयांश अ‍ॅडिनोमांत मेद कमी असतो, त्यामुळे तेही या गटात येतात. मग कॉन्ट्रास्ट दिल्यावर 15 मिनिटांत तो गाठीतून किती ओसरतो ते पाहतात, किंवा एमआरआयच्या केमिकल शिफ्ट पद्धतीने पेशींतला मेद शोधतात. पण कॉन्ट्रास्ट लवकर ओसरला म्हणून अ‍ॅडिनोमाच, असा शिक्का मारता येत नाही. फिओक्रोमोसायटोमातून (रक्तदाब वाढवणारी हार्मोन स्रवणाऱ्या गाठीतून) आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या पसरलेल्या गाठीतूनही तो तसाच ओसरू शकतो. गाठ 4 सेंटीमीटर किंवा मोठी, घनता 20 च्या वर किंवा पोत ओबडधोबड असेल, तर निर्णय एकट्या डॉक्टरवर सोडू नये. रेडिओलॉजिस्ट, हार्मोनतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकत्र बसून तो घ्यावा. आधी दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर झालेला असेल तर हिशेबच वेगळा.

आणि चित्र कितीही स्वच्छ असले तरी गाठ हार्मोन स्रवते की नाही, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी 1 मिलिग्रॅम डेक्सामिथासोनची चाचणी लागते; हे औषध दिल्यावर कॉर्टिसॉल हे हार्मोन दबते का, ते तीत पाहतात. रक्तदाब जास्त किंवा पोटॅशियम कमी असेल तर रक्तदाब सांभाळणारे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासावे लागते. घनता 10 च्या वर असेल तर मेटानेफ्रिनची, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा ओळखण्याची रक्ताची किंवा लघवीची, चाचणी टाळता येत नाही. ती न करता सुई घालून बायोप्सी केली आणि गाठ फिओक्रोमोसायटोमा निघाली, तर रक्तदाब एकाएकी इतका भडकू शकतो की जीव जाईल. माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. 'गाठ आहे, तुकडा काढून पाहू' हा विचार वरवर पाहता किती साधा वाटतो!

महोदय, यासाठी नवीन यंत्रे मागत नाही. आपल्या खात्याने एक आदेश काढावा. अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ दिसली तर रिपोर्टमध्ये आकार, विनाकॉन्ट्रास्ट घनता, पोत, जुन्या स्कॅनशी तुलना आणि पुढची पायरी लिहिणे बंधनकारक असावे. मेटानेफ्रिनचा निकाल हाती येईपर्यंत अशा संशयित गाठीची बायोप्सी होऊ नये. रुग्णाला फिल्मबरोबर मूळ डिजिटल चित्रेही मिळावीत, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरला घनता पुन्हा मोजता येईल आणि स्कॅन, किरणोत्सर्ग, खर्च काहीच दुसऱ्यांदा नको. ज्या रुग्णालयांत हार्मोनतज्ज्ञ नाहीत, त्यांना मोठ्या केंद्राच्या साप्ताहिक बैठकीशी ऑनलाइन जोडावे. मेटानेफ्रिनची सोय तर सरकारी प्रयोगशाळांत आधी व्हावी. बाकीचे तिच्यामागून आले तरी चालेल.

रिपोर्टचा नमुना एका पानात बसतो. तो तयार करायला आपल्या अधिकाऱ्यांसोबत बसण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट