मिरजेच्या चाचांना, एका बारीक भोकाबद्दल

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पुढचा ब्रेक दुरुस्त केलेली गाडी सांगलीला परत येऊन आठ दिवस झाले. रोज सकाळी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक हातानं फिरवून बघतो. मोकळं फिरतं. दीड वर्षात हे झालं नव्हतं. दुकानात तुमचे आभार नीट मानता आले नाहीत, शब्दच सुचले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जुन्या गाड्या जपणारी बरीच माणसं सांगली-साताऱ्याकडं आहेत. त्यांना कळू दे की असं काम करणारा माणूस आपल्या शेजारी बसलाय.

गाडी एनफील्ड फ्युरी १७५. जर्मनीच्या झुंडाप केएस १७५ वरून ऐंशीच्या दशकात आपल्याकडं बनलेली, पाच गिअरची, पुढं ब्रेम्बोचा हायड्रॉलिक डिस्क असलेली. बाकी सगळा देश ड्रम ब्रेकवर चालत होता तेव्हाची ही गाडी. मूळ झुंडाप कंपनी १९८४ साली बंद पडली. त्यामुळं आज या गाडीच्या ब्रेकचं किट मागितलं की दुकानदार आधी गाडीचं नाव दोनदा विचारतो आणि मग मान हलवतो.

दुखणं एकच होतं. गाडी थंड असताना ब्रेक झकास. सांगलीहून निघालं की मिरज यायच्या आत लिव्हर दगडासारखा कडक, पुढचं चाक धरलेलं, डिस्कजवळ हात नेववत नाही. तासभर उभी केली की आपोआप सुटायची.

तुमच्याकडं येण्याआधी तीन गॅरेजं झाली. नावं लिहीत नाही, पण काय केलं ते लिहितो, कारण दुसऱ्या कुणाच्या गाडीचं तसं होऊ नये. पहिल्यानं मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हरजवळचा ब्रेकचा पंप, उघडून सगळं रॉकेलमध्ये धुतलं आणि कपांना, म्हणजे पिस्टनवरच्या रबरी वाट्यांना, साधं ग्रीस चोपडलं. ब्रेकचं रबर ग्लायकोलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. दुसऱ्यानं फुगलेले कप बघितले आणि कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं किट पिस्टनसकट घातलं. व्यास जुळला एवढंच बघितलं. तिसऱ्यानं कॅलिपरचं (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागाचं) सील बदललं, पॅड बदलले, डिस्क घासली, आणि तरी चाक धरतंय म्हटल्यावर सांगितलं, "जुनी गाडी आहे साहेब, असंच चालायचं. नवीन गाडीचा मास्टर टाकून देतो." तो टाकला असता तर आणखी एक घोळ झाला असता. समजा मूळ बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) १३ मिलिमीटरचा आणि नवीन मास्टर १६ चा. क्षेत्रफळ दीडपट होतं, म्हणजे हाताचा जोर तेवढाच लावला तर दाब दोन तृतीयांशच मिळतो. लिव्हर लाकडासारखा लागतो आणि गाडी थांबत नाही.

तिघांनीही पैसे घेतले. एकानंही रेझर्व्हायरचं, म्हणजे मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीचं, झाकण काढून तळात नीट वाकून बघितलं नाही.

तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी गाडी तापवून आणायला लावलीत. चाक धरलं की कॅलिपरचं निप्पल (हवा काढायचा बोल्ट) अर्धा आटा सैल केलंत. चुळूक करून ऑइल आलं आणि चाक सुटलं. म्हणजे पॅड अडकलेले नव्हते, दाब आत कोंडलेला होता. पुन्हा तापवून आणायला लावलीत. या खेपेला निप्पलला हात न लावता वरचा, मास्टरला पाइप जोडणारा बँजो बोल्ट सैल केलात. तरीही चाक सुटलं. म्हणजे होज पाइप निर्दोष, कारण पाइप आतून सुजून बंद झाला असता तर वरचा बोल्ट सोडून काही उपयोग झाला नसता. दोष मास्टरमध्येच. पाच मिनिटांची ही परीक्षा कुणालाही करता येते, एक पाना आणि एक फडकं लागतं. दीड वर्षात ती कुणी केली नव्हती.

रेझर्व्हायरच्या तळात दोन भोकं असतात. मोठं भोक सगळ्यांना दिसतं. त्याच्या पुढचं, बाहेर जाणाऱ्या पाइपच्या बाजूचं, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं किंवा त्याहूनही बारीक असतं, आणि सगळा खेळ त्याच्यावर असतो. लिव्हर सोडला की पिस्टन मागं येतो, पुढच्या कपाचा ओठ त्या भोकाच्या मागं सरकतो आणि पाइपमधलं ऑइल वरच्या टाकीशी जोडलं जातं. तापून फुगलेलं ऑइल तिथून वर निघून जातं. भोक बुजलेलं असेल तर ते जाणार कुठं? पॅडच दाबत राहतं, पॅड घासून आणखी तापतं, तापून आणखी दाबतं.

आमच्या गाडीत ते भोक जुन्या ऑइलच्या पांढरट खरानं, म्हणजे साक्यानं, पक्कं बुजलं होतं. वर त्या परक्या किटचा पिस्टन. तुम्ही विचारलंत, "जुना पिस्टन टाकला न्हाई ना?" टाकला नव्हता, डब्यात होता. दोन्ही पिस्टन काचेवर शेजारी शेजारी ठेवलेत आणि व्हर्नियर लावलात. नवीन पिस्टन मागच्या टेकणापासून कपापर्यंत एक मिलिमीटरभर लांब. म्हणजे भोक उघडं असतं तरी कप कायम त्याच्यावरच बसून राहिला असता. व्यास जुळला की किट जुळलं, या समजुतीपायी किती चाकं धरत असतील!

भोक मोकळं करायला ड्रिल लावायला तुम्ही साफ नकार दिलात. बरोबरच होतं. भोक मोठं झालं की दाबाखाली कपाचा ओठ त्यात घुसतो आणि दर खेपेला थोडा थोडा कुरतडला जातो. तुम्ही पोराला सतारमेकर गल्लीत पाठवलंत आणि सतारीच्या चिकारीच्या बारीक तारेचा वीतभर तुकडा मागवलात. पाव मिलिमीटरच्या आसपासची पोलादी तार, सरळ, ताठ, न वाकणारी. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी ज्या गावात सतारी आणि तंबोरे घडवले, २०२४ साली ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच गावची तार एका मोटारसायकलच्या ब्रेकला कामी आली. आधी ताज्या ब्रेक ऑइलमध्ये रात्रभर भिजवलंत, मग ती तार बोटांत धरून फिरवत फिरवत आत नेलीत. जोर कुठंच नाही. तार बोअरमध्ये उतरली तेव्हा तुम्ही ती लगेच काढली नाहीत, आत बॅटरी धरून टोक दाखवलंत.

बोअर कापून आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालायचं काम तुम्हाला मिळत होतं. लेथ तुमचाच. तुम्ही नख फिरवून बघितलंत, नख कुठं अडलं नाही, आणि म्हणालात, "गरज नसताना कापायचा न्हाई." बोअरमध्ये खड्डे असते तर स्लीव्ह घालावीच लागली असती. पण मग दोन्ही भोकं स्लीव्हमधून नव्यानं पाडायची, बारीक भोक नेमकं कपाच्या ओठाच्या पुढं आणायचं आणि आतली धार काढायची, नाहीतर पहिल्या दिवशीच कप कापला जातो. हे सगळं समजावून सांगून तुम्ही स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडलंत.

जुना पिस्टन, मापानं जुळवलेले नवीन कप, दोघांचेही ओठ आतल्या बाजूला, स्प्रिंगचं निमुळतं टोक पिस्टनकडं, सगळं फक्त ब्रेक ऑइल लावून आत. सर्कलिप खाचेत पूर्ण बसली का ते फिरवून बघितलंत. बँजोचे तांब्याचे दोन्ही वायसर नवीन. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं, कारण ब्रेक ऑइलचा थेंब रंग उचलतो. ही कामं चांगले मिस्त्री करतातच, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरं आभार मानायचे आहेत ते पुढच्या एका गोष्टीसाठी. रेझर्व्हायर भरला, हवा काढून झाली, झाकण लावायचं बाकी होतं. तुम्ही मला हाक मारलीत. "हितं या. वाका." आणि लिव्हर अगदी हळू, पहिला एक-दोन मिलिमीटरच ओढलात. रेझर्व्हायरच्या तळातून, त्या बारीक भोकातून, मोहरीएवढं कारंजं उडालं आणि विरलं. पुन्हा ओढलात, पुन्हा उडालं. "दिसलं? श्वास घ्यायला लागलंय."

चाचा, त्या मोहरीएवढ्या कारंज्यानं दीड वर्षाचा राग उतरला. ते दाखवायची तुम्हाला काही गरज नव्हती. झाकण लावून पैसे घेतले असते तरी काम तेवढंच झालं असतं. पण ज्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक आहे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी खात्री पटली पाहिजे, एवढा मान तुम्ही दिलात. आधीच्या तिघांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आपल्याकडं असे कारागीर अजून आहेत. शिवण उलटी करून दाखवणारा शिंपी, तिडा झालेलं रीम डोळ्यासमोर फिरवून दाखवणारा सायकलवाला. त्यांच्या हातात काम देताना पोटात गोळा येत नाही.

त्या रात्री लिव्हर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून ठेवलात, हँडल वळवून मास्टर सगळ्यात उंच राहील असा, म्हणजे बँजोच्या वाकणात अडकलेले बुडबुडे वर यावेत. सकाळी पट्टी सोडल्यावर लिव्हर बोटभर वर आला होता. लिव्हरचा स्क्रू पिस्टनला टेकत नाही, थोडी मोकळीक आहे, हेही कागदाची पट्टी घालून दाखवलंत. मग मिरज-सांगली-मिरज एक फेरी, आणि डिस्क तापलेली असतानाच चाक उचलून फिरवलंत. फिरलं.

ब्रेक ऑइल तुम्ही डॉट ४ प्रतीचं घातलंय. ताजं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; हवेतलं पाणी पिऊन पिऊन तो आकडा १५५ पर्यंत घसरू शकतो. आणि तेच पाणी आत बसून भोकात खर धरतं. म्हणून रेझर्व्हायरच्या झाकणाखाली तुम्ही तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावलीत आणि दोन वर्षांची मुदत घातलीत. तारेचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवलाय. मुदत भरली की गाडी घेऊन येतो. झाकण तुम्ही उघडा, मी वाकून बघतो.

तुमचा ऋणी,
सांगलीचा फ्युरीवाला