गाडीचा कागद अन् दहा वर्षं

माय,

रविवारी फोन मीच कट केला. रेंज गेली असं तुझ्या आईला सांगितलं पण गच्चीवर उभा होतो, रेंज कुठं जाती. मग तू दोनदा केलास तो मी उचलला नाही, काल मी केला तर तू उचलला नाहीस, झाली फिट्टमफाट. म्हणून हे टाईप करायलोय. माझं टायपिंग एका बोटाचं, चुकलं तर समजून घे.

आधीच सांगतो, तिकडं सिंगापूरला गाडी घेऊ नको असं मी म्हणणार नाही. तुझा पैसा, तुझी कमाई. फक्त हिशोबाचं दोन शब्द.

गाडीची किंमत वेगळी अन् गाडी ठेवायच्या परवानगीचा कागद वेगळा, सीओई, हे समजायलाच मला दोन दिवस लागले. तू सांगितलंस तसं वहीत लिहून काढलं. महिन्यातून दोनदा हर्राशी, आपल्या मोंढ्यासारखी, अन् हरलेल्यांतली जी सगळ्यात मोठी बोली तिच्यावर एक डॉलर, तोच भाव जिंकलेल्या सगळ्यांना. २०२३ च्या ऑक्टोबरात मोठ्या गाडीचा कागद १,५०,००१ डॉलरला गेला होता म्हणे, छोट्या गाडीचा १,०६,००० ला. मोठीचे आपले नव्वद लाखाच्या वर झाले, अन् ह्यात गाडीचं एक चाक पण नाही, नुसता कागद. वरचा तो एक डॉलर ऐकून तुझी आई म्हणली, आहेर करायलेत का काय. तेव्हा मी हसलो नाही. आता लिहिताना हसू यायलंय.

अन् कागद दहा वर्षांचा. दहा वर्षं झाली की परत पैसे भरा नाहीतर गाडी काढून टाका. बँक पण सगळं कर्ज देत नाही, साठ-सत्तर टक्के, ते पण सात वर्षांत फेडायचं, म्हणजे बाकीचे तीस-चाळीस टक्के रोख मोजा. तुझ्या मामाला सांगितलं तर त्याला वाटलं मी पिऊन बोलायलोय.

त्यांचं कारण मला कळतं. जागाच नाही, एकट्या परभणी जिल्ह्यात आठ सिंगापूर बसतील. २०१८ पासून त्यांनी कारची वाढ शून्यावर आणली, बहुतेक करून जुनी निघाली तरच नवी येणार. बरोबरच असेल, इथं स्टेशन रोडला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसती, आपल्याकडं पण आणावा लागंल एक दिवस असा कागद. पण दहा वर्षं, माय.

जाऊ दे.

तू म्हणलीस, नाना तुम्ही एसटीच्या काचेतून जेवढं दिसलं तेवढंच जग पाह्यलं. खरंय. पण ती काच लई मोठी होती. एकतीस वर्षं स्टेअरिंगवर बसलो, स्वतःची गाडी कधी घेतली नाही, अन् मला कधी कमीपणा वाटला नाही. तुला गाडी शिकवली ती पण दुसऱ्याच्या जीपवर, जिंतूर रोडला, आठवतं का, तू क्लच सोडला अन् जीप ज्वारीत. मालकाला मी सांगितलं की मीच चालवत होतो. त्याला पटलं नाही, ड्रायव्हर माणूस ज्वारीत कशाला घालंल.

तर खर्च. इन्शुरन्स वेगळा, पार्किंग महिन्याचं वेगळं, रस्त्यावरच्या कमानीखालून गेलं की पैसे कटतात ते वेगळे. तुम्ही दोघं कमावता म्हणून हप्ता जाईल, पण एकाची नोकरी गेली तर? माणसानं आपलं अंथरूण पाहून... झालं, सुरू झालं माझं. सॉरी. तुझी आई किचनमधून म्हणायली, लेक्चर नका देऊ, पोरगी उचलायची नाही परत.

खरं म्हणजे ही गाडी लागायली ती घर लांब पडलं म्हणून, हे मला माहिताय. बेडोकला तुझ्या सासूबाईंच्या शेजारची बिल्डिंग तुम्हाला आवडली होती पण तिथला इंडियनांचा कोटा भरला होता. १९८९ पासूनचा नियम आहे ना तो, कोण कुठं किती राहायचं, इंडियन अन् चिनी-मलाय सोडून बाकीचे मिळून एका सरकारी बिल्डिंगीत १५ टक्क्यांच्या वर नको. मग तुम्ही वुडलँड्सला, अन् लेकराला आजीकडं सोडायचं तर तास-सव्वा तास. आधी मला त्या नियमाचा राग आला होता. माणसं काय तिखट-मीठ आहेत का मापानं टाकायला. मग आम्ही अठ्ठावीस दिवस राहून गेलो तेव्हा तुमच्या बिल्डिंगीखालची मोकळी जागा पाह्यली, व्हॉइड डेक म्हणता ती. शनिवारी तिथं मलाय पोरीचं लग्न, बिर्याणीचा वास चौथ्या मजल्यापर्यंत, अन् पुढच्या आठवड्यात त्याच फरशीवर एका चिनी म्हाताऱ्याचा मांडव, लोक रात्रभर बसलेले. लग्नातल्या बाईनं मला हाताला धरून जेवायला बसवलं होतं, भाषा ना तिला माझी ना मला तिची. आपल्या गल्लीत हे होईल का? मी पैज लावणार नाही.

अन् मी कोणत्या तोंडानं बोलू. तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा खोलीचा एजंट म्हणला होता की मालकाला इंडियन नको, फोडणीचा वास बसतो. तू हसून सांगितलंस, मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण आपली मागची खोली भाड्यानं द्यायची होती तेव्हा त्या पोराला मी काय विचारलं होतं? आडनाव. मग विचारलं, मटण करता का. खोली दिली नाही, नंतर सहा महिने रिकामीच राहिली. तू दहावीला होतीस, दारात उभी होतीस. आठवत नसेल तर बरं. आठवत असेल तर बोलू नको.

जावईबापूंच्या बाबतीत पण तेच. एक वर्ष मी नाही म्हणलो, मद्राशी म्हणलो, त्यांच्या आईला फोनवर नीट नमस्कार पण केला नाही. आता गंमत बघ, तिकडं सरकारी कागदावर तुम्ही दोघं एकच, इंडियन, अन् त्यांच्या नातेवाइकांत तू 'नॉर्थ इंडियन'. परभणी नॉर्थ! परवा २१ जुलैचा फोटो पाठवलास, शाळेत सगळ्यांनी आपापला पोशाख घालायचा म्हणून. तिकडच्या आजीनं लेकराला त्यांची वेष्टी नेसवली, तुझ्या आईनं कुरिअर केलेलं धोतर तसंच पडलं म्हणून ती रुसली होती, मग झूम करून पाह्यलं तर डोक्यावर माझी गांधी टोपी, कानापर्यंत आलेली. तो फोटो तिनं देवघरात लावलाय, नजर लागू नये म्हणून थोडा आडोशाला.

शाळेत मातृभाषा म्हणून त्याला तमिळ, नाहीतर हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू ह्यातलं एक घ्यावं लागंल म्हणालीस. मराठी यादीत नाही. उर्दू ऐकून मला बरं वाटलं बघ, माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दूतच शिकले, मरेपर्यंत सही उर्दूत करायचे. काही पण शिकू दे. फक्त मला नाना म्हणता आलं पाहिजे. दहा वर्षांनी तो तेरा वर्षांचा असंल. मी शहात्तर. एसटीत पंच्याहत्तरीनंतर तिकीट फुकट आहे, तेवढाच फायदा.

बघ, परत तिथंच आलो. येणार नव्हतो.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती तुझ्या आईला अन् मलाच माहिताय. तू अडीच वर्षांची होतीस, माझी ड्युटी मुक्कामी गाडीची होती, गाडी आपल्याच गावात वस्तीला यायची. एका रात्री तुला ताप चढला, बाराच्या पुढं झटका आला, डोळे पांढरे. दवाखाना परभणीला. पंचेचाळीस सिटांची गाडी ग्रामपंचायतीसमोर उभी, चावी माझ्या मुठीत. कंडक्टर म्हणला, काढा गाडी, होईल ते बघू. मी काढली नाही. गाडी सव्वापाचची होती, मी सव्वापाचची वाट पाहत बसलो, ओल्या पट्ट्या बदलत. नोकरीला सहाच महिने झाले होते, दुसरं काही नाही, भीती. सव्वापाचला निघालो तर वाटेत हात दाखवील त्याला घेतलं, एक थांबा सोडला नाही. आतल्या आरशात तुझा एक पाय दिसायचा, वाळा घातलेला. हलला की मी गिअर टाकायचो.

म्हणून रविवारी तू म्हणलीस ना, रात्री अडीचला लेकरू तापानं फणफणलेलं, पाऊस, अ‍ॅपवर दुप्पट भाव अन् तरी टॅक्सी येईना, तेव्हा फोन कट केला. रागानं नाही.

घे गाडी. एफडीत माझे जे पडलेत ते तुझेच आहेत, त्याच्यात तुझ्या कागदाचा एक कोपरा येईल, पण ठेव. नको म्हणू नको. स्टेअरिंग तिकडं पण उजवीकडंच आहे हे एक बरं. पावसात ब्रेक एकदम दाबायचा नाही, अन् पुढच्या गाडीच्या मागं चिटकून चालवायची नाही. हे लेक्चर नाही, हे ड्रायव्हर बोलायलाय.

पुढच्या महिन्यात शेजारच्यांचा पुतण्या तिकडं यायलाय, त्याच्याजवळ येसर अन् काळा मसाला देतोय. सासूबाईंना पण दे, त्यांना मागच्या वेळी आवडला होता असं जावईबापू म्हणले, खरं का खोटं देव जाणे.

बोली लागली की कळव. कागदावर संपायची तारीख काय पडली ते पण कळव, वर्ष नुसतं नाही, तारीख, महिना सगळं.

तुझा,
नाना

आई म्हणायली गाडी पांढरी घेऊ नको, मळती. अन् फोन उचल.