गुरुवारच्या फोनबद्दल

बार्शी

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी "माझ्याकडून काही होणार नाही, बाबा" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून दुकानात लक्ष नाही. फोनवर बोलायला गेलो की आवाज चढतो, तुझाही आणि माझाही, म्हणून लिहितोय. झोप लागते का तुला? आधी तेवढं सांग.

ईसीजी नीट आला, बरं झालं. डॉक्टर म्हणाले होते चहा-कॉफी कमी करा. तू मंगळवारपासून साफ बंदच केलीस. तुझं पहिल्यापासून असंच. सातवीत होतीस तेव्हा दुकानातल्या सगळ्या स्ट्रिप्स एक्स्पायरीप्रमाणे लावायला घेतल्यास आणि आजीने तीनदा हाक मारली तरी जेवायला उठली नाहीस. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगत होतो, हे कपाट आमच्या मधुने लावलंय.

पण कॅफिनचं तसं नसतं. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, त्यानेच डोळे जड होतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी कॅफिन त्याची जागा धरून बसतं. ॲडेनोसिन उभंच राहतं, थकवा कळत नाही. थकवा गेलेला नसतो, मधु. रोज असं चाललं की मेंदू तशा जागाच वाढवतो. मग कॅफिन अचानक थांबलं की सगळ्या जागा ॲडेनोसिनला मोकळ्या. डोकं ठणकतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, मन पार खचतं. बंद केल्यावर बारा ते चोवीस तासांत हे सुरू होतं, पहिले दोन दिवस जोर असतो, कधी कधी नऊ दिवसही लांबतं. मंगळवार ते गुरुवार मोजून बघ. ते वाक्य तुझं नव्हतं असं मी धरून चाललोय.

तेव्हा एकदम सोडू नकोस. सकाळचा एक चहा घे. पण रात्री अभ्यासिकेत ते कॅनमधलं एनर्जी ड्रिंक नको. अडीचशे मिलीच्या कॅनमध्ये साधारण ऐंशी मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात. दहाला प्यायलीस तर पहाटे तीनला चाळीस शिल्लक. डोळा लागला तरी ती झोप गाढ नसते, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. थकलेल्या माणसाला कॅफिनने तरतरी येते, लक्षही लागतं, हे मी नाकारत नाही. फार झालं की तेच हात थरथरवतं, छाती धडधडवतं, आणि आपल्याला वाटतं परीक्षेचीच भीती बसली. डोकं दुखलं म्हणून कुठलीही गोळी घेऊ नकोस, मागचं वाचून घे. काहींमध्ये पॅरासिटामॉलबरोबर कॅफिनही असतं.

प्रवचन झालं. राग मानू नकोस. काउंटरवर जन्म गेला, दुसऱ्या भाषेत काळजी करता येत नाही.

पूर्व परीक्षेचा निकाल लागला तेव्हा आजीने गल्लीभर पेढे वाटले. मी वरवर गप्प होतो, पण तुझा नंबर असलेल्या पानाची प्रिंट गल्ल्यात ठेवलीय, अजून आहे. मुख्य परीक्षाही तू काढशील असं मला वाटतं. नाही निघाली तरी घर तुझंच आहे. हे लिहिणार नव्हतो, तुला वाटेल बाबांनी आधीच आशा सोडली. तसं नाही गं.

मला दत्ताकाका आठवतो. त्याच्याही खोलीतला दिवा रात्रभर जळायचा आणि आम्ही म्हणायचो, पोरगं अभ्यास करतंय. झोपतोस का, असं कुणी विचारलंच नाही. म्हणून मी सारखं विचारतो. तुला त्याचा जाच होतो, कळतं मला.

सगळं कॅफिनवर ढकलून मी मोकळा होत नाहीये. आठ-दहा दिवसांनीही तसंच वाटत राहिलं, झोप आली नाही, तर मला सांग. मला सांगणं नको वाटलं तर ताईला सांग. पुण्यात चांगले डॉक्टर आहेत, मी येईन सोबत, बाहेर बाकावर बसेन, आत काय बोललीस ते विचारणार नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने आई येतेय. तिकीट काढून झालंय, नको म्हणू नकोस. शेंगाचटणी आणि तुझी जाड गोधडी पाठवतोय. मेसचे पैसे सोमवारी टाकतो.

पत्र मिळालं की फोन कर. रात्री साडेदहानंतर नको, तोवर तू झोपलेली असावीस. नाहीतर असू दे, झोप नाही आली तर कितीही वाजता कर.

तुझा,
बाबा