फोनच्या बोर्डाबद्दल, एकदाच नीट लिहून पाठवतेय

प्रिय मनू,

काल रात्री तू विचारलंस की आई, दुकानातलं ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाईनी आतल्या फोनांना वाटणारा तो बोर्ड, बदलायचं का नाही, एकदा हो म्हण नाहीतर नाही म्हण, आणि मी बघू बघू करत फोन ठेवला. तुला राग आला ते आवाजावरूनच कळलं. बाळ आत्ता कुठं झोपलंय, तुझी वहिनी पण झोपलीय, तासभर मिळालाय तर सगळं लिहूनच काढते, हे फोनवर दोन मिनिटात सांगण्यासारखं नाहीये.

तर आधी उत्तर. हो, बदल. पण तू म्हणतेस त्या कारणासाठी नाही आणि ते नव्या बोर्डाचे कोटेशनवाले म्हणतात तसंही नाही.

तू म्हणालीस बोर्ड २० वर्षांचा झाला, जुना झाला, लोक हसतात. अगं जुना झाला हे काही कारण नाही. तो बोर्ड आम्ही २००५ च्या पुरानंतर घेतला. पाणी उतरल्यावर दुकान धुऊन काढलं, आणि मग तुझे बाबा म्हणाले आता फोनचं पण नीट करू, कारण तोवर दोन नंबर आणि त्यांना पॅरलल जोडलेले चार डबे, एकानं उचलला की सगळीकडं ऐकू जायचं आणि काउंटरवरून वरती माळ्यावर ओरडून सांगायचं, उचला हो तासगावचा फोन आहे. तीन लाईनी बारा एक्स्टेन्शनचा, म्हणजे आत बारा फोनांचा, बोर्ड बसवला, मुद्दाम माळ्याच्या भिंतीवर वरती, पाणी पोचणार नाही असा. त्यानं आपलं खूप काम केलंय. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत तर सांगलीच्या गणपती पेठेत अंधार असायचा आणि आपला फोन चालू असायचा, कारण तांब्याच्या लाईनीला करंट एक्सचेंजमधल्या बॅटरीतून येतो, ४८ व्होल्टचा, बोर्ड बंद पडला तरी बाबा एक साधा डबा थेट लाईनीला लावून बसायचे. हे लक्षात ठेव, पुढं त्याचंच काम आहे.

मग बदलायचं का, तर २०१९ मुळं. तू तेव्हा कॉलेजात होतीस, पूर बघितलास पण धंद्याचं काय झालं ते तुला आम्ही सांगितलंच नाही. त्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे तिथं. बोर्ड माळ्यावर होता, वाचला. पण रस्त्यावरचे डीपी, म्हणजे लाईनी वाटायच्या पेट्या, केबलचे जॉईंट सगळे पाण्याखाली, तिन्ही लाईनी मेल्या आणि कितीतरी दिवस मेलेल्याच राहिल्या. आता विचार कर, नदीकाठच्या सगळ्या गावांतल्या शेतीपंपाच्या मोटरी बुडालेल्या, पाणी उतरल्या उतरल्या प्रत्येकाला सील, बेअरिंग, फूटव्हॉल्व्ह, स्टार्टर पाहिजे, वर्षातली सगळ्यात जास्त गरज, आणि लोक नंबर फिरवताहेत तर फोन लागतच नाही. त्यांना वाटलं दुकान बुडालं, बंद झालं. भिलवडीचे ते आपले जुने गिऱ्हाईक, बाबांच्या आधी आजोबांकडं येणारे, दोन महिन्यांनी आले आणि म्हणाले, वहिनी, फोन लागला नाही म्हणून मिरजेतनं घेतलं. त्यांनी साधेपणानं सांगितलं, मला मात्र ते फार लागलं. कारण दुकान उघडं होतं गं, मी रोज काउंटरवर बसलेली होते.

तेव्हाच बदलायला पाहिजे होतं. नाही बदललं, पैसे फर्निचरला आणि मालाला लागले आणि मला वाटलं लाईनी येतील. दोन आल्या, तिसरी आलीच नाही, आणि ज्या आल्या त्या पावसात खरखर करतात ते तू ऐकतेच आहेस.

आणि अजून एक चूक. लाईनी बंद असताना आम्ही पोरांना त्यांच्या त्यांच्या मोबाईलवरून ऑर्डर घ्यायला सांगितलं. सोय झाली खरी. पण वर्षभरानं त्यातल्या एकानं स्वतःचं दुकान टाकलं आणि गिऱ्हाईक त्यालाच फोन करत राहिले, कारण त्यांच्याकडं नंबर त्याचा होता, आपला नव्हता. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आपणच त्याच्या हातात दिलं. म्हणून तू जे म्हणतेस की लँडलाईन कशाला, सगळ्यांकडं मोबाईल आहेतच, त्याला माझी साफ ना आहे. घ्यायचाच असेल मोबाईल तर सिम दुकानाच्या नावावर आणि हँडसेट दुकानात.

कारण आपली इस्टेट तो बोर्ड नाहीच, तो नंबर आहे. ०२३३ चा तो नंबर कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस, कुठंही जा, मोटरीच्या खोलीच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलेला दिसेल. आजोबांनी स्वतः पेंटर पाठवून लिहून घेतलेत त्यातले कितीतरी. म्हणून तो कोटेशनवाला जेव्हा म्हणाला ना की नवीन नंबर छान लक्षात राहणारा देतो, तेव्हाच मला तो नको वाटला. मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी तोच ठेवता येतो, २०११ पासून आहे ते, पण आपल्या लँडलाईनला ती सोय नाही. कंपनी बदललीस तर नंबर गेला. त्याच कंपनीत राहून तांब्यावरून फायबरवर गेलीस तर जुना नंबर ठेवून मिळतो, पण तसं अर्जात लेखी घे, आणि फायबरवर तो नंबर वाजलेला स्वतः कानानं ऐकल्याशिवाय तांब्याची लाईन काढायला देऊ नकोस.

हे आधी कर, बोर्डाचं नंतर. हे तुला कोणी सांगणार नाही कारण यात कोणाचा बोर्ड विकला जात नाही. फायबरचा जो डबा बसतो त्याला मागं साध्या फोनची पिन असते, त्यातून वायर काढून आपल्या जुन्या बोर्डाच्या लाईनीत घालता येते, म्हणजे खरखर गेली, नंबर तोच, आणि बोर्ड अजून काही महिने चालला तरी चालेल. तुला घाई करायची गरज राहत नाही आणि कोटेशनवाल्यांशी घासाघीस करायला वेळ मिळतो. फक्त ते ४८ व्होल्टचं लक्षात ठेव, फायबरला एक्सचेंजचा करंट येत नाही, लाईट गेली की डबा बंद. त्याला आणि बोर्डाला दोघांना यूपीएस पाहिजे, कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लटकवू नकोस, वेगळा घे, आणि बॅटरी कधी घातली ती तारीख वर मार्करनं लिही.

आता बोर्ड. फोनवाले काका तुला म्हणतील अजून पाच वर्षं काढतो, म्हणू देत, ते माणूस फार चांगलं आहे पण ते आता सत्तरीला आले आणि आपल्या बोर्डाचं प्रोग्रामिंग सांगलीत त्यांच्याशिवाय मला तरी कोणी माहीत नाही. मागच्या वेळी ट्रंक कार्ड, म्हणजे बाहेरची लाईन बोर्डाला जोडणारं कार्ड, गेलं ते त्यांनी कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसच्या बोर्डातलं काढून आणलं. त्या दिवशी मी मनात धरलं की आता हे संपलं. वळवात वीज पडून कार्ड जळणं नेहमीचं आहे, अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी, पण पुढचं कार्ड मिळेलच असं नाही. आणि ते शून्याचं प्रकरण आठवतंय का? १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावायचा नियम आला. आपल्या बोर्डात बाहेरच्या लाईनीला आधीच एक शून्य, आणि काउंटरला एसटीडी लॉक, म्हणजे तिथून बाहेरगावचा फोन लावता येत नाही, त्यामुळं दुसरा शून्य दाबला की बोर्डाला वाटायचं एसटीडी चाललाय आणि तो तोडायचा. सकाळपासून एकही मोबाईल लागेना. काकांनी येऊन प्रोग्राम बदलला, पण आतली बॅटरी मेलेली, त्यामुळं लाईट गेली आणि यूपीएस पण बसला की सगळं पुसून परत जुनं. तीन वेळा बोलावलं त्यांना त्या महिन्यात.

नवीन काय घ्यायचं ते तू ठरव, त्यात तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. क्लाऊडचं, म्हणजे बोर्ड दुकानात नसून इंटरनेटवरून चालतो त्याचं, तू जे सांगितलंस की दुकान पाण्यात असलं तरी फोन आपल्या मोबाईलवर वळतो, ते ऐकून मी काल गप्प बसले ते त्यामुळंच, २०१९ ला हे असतं तर, असं आलं मनात. तेवढ्यासाठी पैसे मोजायला माझी ना नाही. आणि कुपवाडच्या गोडाऊनला इथून कॉल देता येईल ही पण मोठी गोष्ट आहे, आत्ता आपण गिऱ्हाईकाला सांगतो हा दुसरा नंबर लिहून घ्या, आणि तो शेतात उभा असतो, कुठं लिहिणार. पण कोटेशन बारा माणसांचं आहे, माणशी महिन्याचं भाडं आहे, आणि आपल्याकडं खरे वाजतात पाच. पंधरा दिवस काउंटरवर एक वही ठेव, कुठल्या एक्स्टेन्शनला किती फोन, किती सुटले, किती मधेच तुटले, नुसत्या काड्या मारायला सांग. मग पाचाचं मागवायचं का सहाचं ते कळेल. लॅन केबल ओढायचा खर्च त्यात धरलाय का ते विचार, आपल्या लोखंडी रॅकमधून वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही हे तुला माहितीय. गोडाऊनमध्ये ॲप नको, तिथं पोरांचे हात ग्रीसचे असतात, साधा बटणाचा फोन पाहिजे.

आणि मराठीसाठी एक दाबा, ते मात्र नको. कृपा करून नको. मोटर बंद पडलेला माणूस एका हातात टॉर्च धरून फोन करत असतो, त्याला माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे. दुकान बंद असताना कोणाचे फोन येऊन गेले ते सकाळी दिसेल तेवढं बास, आणि मग आपण स्वतःहून त्यांना लावायचा.

कधी करायचं, तर द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी सगळं बसलेलं पाहिजे, तेव्हा एक तास फोन बंद ठेवता येत नाही. आत्ता नदीवर लक्ष ठेवायचे दिवस आहेत, काही उघडू नको. खरेदी गणपतीत कर आणि बसवायला पितृपक्षात घे, तेव्हा पेठ रिकामी असते. बाबा म्हणतील पितृपक्षात नवीन काही नको, त्यांच्याशी मी बोलते, खरेदी आधीच झालेली असेल. जुना बोर्ड दिवाळीपर्यंत भिंतीवरच राहू दे, जोडलेला.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम, आणि हे राहून गेलं ते माझ्यामुळंच. ते कनेक्शन अजून आजोबांच्या नावावर आहे. फायबरचा अर्ज केलास की तिथंच अडेल. माझ्या कपाटात खालच्या खणात निळी फाईल आहे, त्यात त्यांचा मृत्यूचा दाखला आणि फोनची जुनी बिलं आहेत. वारसांची संमती लागेल म्हणजे आत्त्याची सही पण, ती रविवारी येणारच आहे सांगलीला, तेव्हा घेऊन ठेव. फाईल सापडली की फोटो पाठव.

दुपारी वेळेवर जेव, काउंटरवर उभ्यानं नको.

आई