विषय : दुसऱ्याच गाडीचे ब्रेक पॅड पाठवून वर ‘कानशीने घासून बसवा’ असे सांगितल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचे नाव व पत्ता सोबतच्या बिलाप्रमाणे)

महोदय,

मी कन्नडला (जि. छत्रपती संभाजीनगर) राहतो. तुमच्या साइटवरून माझ्या २००८ च्या अल्टोसाठी पुढच्या चाकांचे डिस्क पॅड (८९० रुपये) आणि मागच्या ड्रमचे ब्रेक शू (६४० रुपये) मागवले होते. शू चांगले निघाले, नीट बसले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार पॅडची आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या माणसांनी दिलेल्या उत्तरांची आहे.

गाडी जुनी आहे, कबूल. २०२३ मध्ये पंधरा वर्षे भरली तेव्हा आरटीओत तपासणी करून रीतसर पाच वर्षांची मुदत वाढवून आणली. मुलगी चाळीसगावला दिली आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कन्नडचा घाट उतरावा लागतो. दुसऱ्या गिअरवर उतरले तरी वळणावर पाय ब्रेकवर जातोच. मागच्या खेपेला उतरताना पुढून चिरका आवाज येऊ लागला. घरी येऊन चाक काढले तर पॅडवर जेमतेम २ मिलिमीटर लायनिंग उरलेले. म्हणून ही ऑर्डर.

पार्सल आल्यावर अंगणातल्या फरशीवर गाडी घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅकने उचलून खाली घोड्या दिल्या. टाकीतले थोडे ब्रेक ऑइल आधीच काढून घेतले, कारण पिस्टन आत दाबला की ते वर चढते आणि सांडले तर रंग खाते. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उचलला, जुने पॅड काढले, पिस्टन शिकंजाने सावकाश आत बसवला. पॅड ज्यात बसतात ते ब्रॅकेट तारेच्या ब्रशने स्वच्छ केले. इथपर्यंत सगळे नेहमीसारखे. नवा पॅड घालायला गेलो आणि तो दारातच अडला.

जुना पॅड त्याच जागेत बोटाने सरकतो. नवा हातोडीशिवाय जाईना. व्हर्नियर लावला. एका कानापासून (पॅडच्या पत्र्याचे ब्रॅकेटमध्ये बसणारे टोक) दुसऱ्या कानापर्यंत नवा पॅड जुन्यापेक्षा १.२ मिलिमीटर लांब भरला. चारही पॅड मोजले, चारही तेवढेच. मग डबा पुन्हा हातात घेतला. वरच्या लेबलवर माझ्या गाडीच्या पॅडचा बरोबर पार्ट नंबर आहे, पण लेबल एका कोपऱ्यात सुटले होते. नखाने उचलले तर खाली दुसरे लेबल, त्यावर दुसरा नंबर आणि दुसऱ्याच गाडीचे नाव. उत्पादनाचा महिना आणि वर्ष दोन्हींपैकी एकाही लेबलवर नाही. वेष्टित मालावर ते छापावे लागते, हे २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम तुमच्या पॅकिंग खात्याला माहीत असतीलच. दोन्ही लेबलांचे आणि व्हर्नियरचे फोटो जोडले आहेत.

त्याच दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला चॅटवर हेच फोटो पाठवले. उत्तर आले, “सर, कान थोडे कानशीने घासून बसवा, सगळे तसेच करतात.”

कानशीबद्दल मला कोणी सांगावे असे राहिलेले नाही. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला ३१ वर्षे शिकवले. पहिले काही महिने पोरांच्या हातात दुसरे काही देतच नाहीत, लोखंडाचा तुकडा शिकंजात धरायचा आणि घासत बसायचे. त्यामुळे काय घासायचे आणि काय नाही एवढे कळते. पॅडच्या कानावर रंगाचा थर जाड बसला असेल तर हलका हात मारतात, मीही मारला आहे. इथे प्रश्न रंगाचा नसून १.२ मिलिमीटर लोखंडाचा आहे. तेवढे हाताने उतरवताना दोन कान सारखे राहिले नाहीत तर पॅड तिरका बसतो आणि एका कडेने झिजतो. शिवाय घासलेल्या जागेला गंज धरतो, एका पावसाळ्यात कान फुगतो आणि पॅड पुन्हा ब्रॅकेटमध्ये आवळला जातो.

आवळलेला पॅड काय करतो, हे तुमच्या चॅटवरच्या मुलाला कोणी सांगितले नसावे. पाय उचलला तरी तो मागे सरत नाही, डिस्कला घासतच राहतो. डिस्क तापते, ती उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश असावा लागतो, पण हवेतली ओल शोषलेल्या जुन्या ऑइलला १४० अंशांची मर्यादाही चालते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही, म्हणून पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. हे अंगणात कळत नाही. घाटात, चौथ्या-पाचव्या वळणावर कळते.

मी घासायला नकार दिला तेव्हा तुमची भाषा बदलली. दुसऱ्या दिवशी मेल आला : ‘ग्राहकाने वस्तू घरी बसवण्याचा प्रयत्न केला असल्याने परत घेता येणार नाही. अधिकृत गॅरेजचे बिल जोडावे.’ ज्या पानावरून मी पॅड मागवले त्याच पानावर पान्याचे चित्र काढून ‘घरी सहज बसवता येतात’ असे तुम्हीच लिहिले आहे. आदल्या दिवशी घरीच घासून बसवायला सांगणारेही तुम्हीच. आणि पॅड बसलेलेच नाहीत, मग बसवल्याचे बिल कुठून आणू? चूक डब्यावर आहे. ती पाहायला गॅरेज लागत नाही, नख पुरते.

या सगळ्यात गाडी अकरा दिवस घोड्यांवर उभी राहिली. नातीच्या जावळाला न्यायला जावयांना चाळीसगावहून गाडी घेऊन घाट चढून यावे लागले. सासऱ्याच्या दारात धड गाडी उभी असताना जावयाने न्यायला यायचे, हे आमच्याकडे कसे दिसते ते बिलात मांडता येत नाही. शेवटी शहरात जाऊन दुकानातून १,०५० रुपयांना पॅड आणले. दुकानदाराने माझा जुना पॅड नव्याला लावून दाखवला, मगच पैसे घेतले. ते पॅड अर्ध्या तासात बसले.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. पॅडचे ८९० रुपये परत मिळावेत. ‘घासून बसवा’ हा सल्ला चुकीचा होता असे लेखी कळवावे. आणि मुख्य म्हणजे, दुहेरी लेबलाचे असे डबे आणखी कोणाला गेले ते शोधून त्या सर्वांना पॅड न बसवण्याचे कळवावे. माझ्याकडे व्हर्नियर होता. ज्याच्याकडे नाही तो हातोडी मारून बसवेल आणि लेकरांना मागे बसवून निघेल.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ही तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. निवृत्त माणसाला तारखांचे ओझे नसते.

चारही पॅड डब्यासह माझ्याकडे आहेत. वरचे लेबल अर्धे उचकटले होते, ते तसेच ठेवले आहे. कुरिअरवाला पाठवा, त्याच्यासमोर मोजून, फोटो काढून आणि सही घेऊनच देईन.

आपला ग्राहक

सोबत : बिल, फोटो ६, चॅट व मेलच्या प्रती