औषध मोफत, पण भाकरीचे काय?

संपादक महोदय,

क्षयाचा रुग्ण उपचार अर्धवट सोडतो तेव्हा तो अडाणी आहे, देवऋष्याच्या नादी लागला आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञ अशी दुहेरी ओळख असलेले पॉल फार्मर (१९५९-२०२२) यांच्या हैती या कॅरिबियन देशातील अभ्यासाने हा समज खोडून काढला. तेथील पेलिग्र धरणात सुपीक जमिनी गेलेले शेतकरी कांज गावच्या उजाड डोंगरावर येऊन वसले होते. तेथे औषधाबरोबर दरमहा पैसे, आहार आणि घरभेटींचा आधार मिळालेले रुग्ण बरे झाले, मग आजार करणीमुळे झाला असे ते मानत असोत वा नसोत. धरणग्रस्तांच्या आपल्या जिल्ह्याला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णांना आहारासाठी २०१८ पासून मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ मध्ये १००० झाले, हे योग्यच. परंतु खोपीत राहणाऱ्या आणि पहाटे कोयता घेऊन फडात शिरणाऱ्या ऊसतोड मजुराने बँक खाते आणि दवाखान्याची वेळ कशी सांभाळायची? गळीत हंगामात तपासणी व औषधवाटप मजुरांच्या तळावरच व्हावे आणि शिवाजी विद्यापीठाने समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी तेथे पाठवावे.

- एक वाचक, कोल्हापूर