फॉर्म परत पाठवल्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना पेशंट भेटत नाहीत, म्हणून त्यांचे आभार मानायचे राहून जातात. मायकोसिस फंगॉइडिसच्या, म्हणजे त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाच्या, पेशंटांच्या वतीने आम्हीच ते मानतो.

बायोप्सीच्या (त्वचेचा तुकडा तपासायला पाठवण्याच्या) फॉर्मवर नुसतं ‘जुनाट इसब?’ दिसलं की तुम्ही तो परत पाठवता. चट्टे किती वर्षांचे, कपड्यांखालच्या भागावर आहेत का, स्टिरॉइडचं मलम कधी थांबवलं? प्रश्न रास्तच. मलम चालू असेल तर तुकड्यातल्या पेशी विरळ होतात आणि रिपोर्ट गुळमुळीत येतो. मग इसब समजून सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं, तर आजार उलट बळावू शकतो. मलम दोन ते चार आठवडे बंद, निदान दोन चट्ट्यांतून पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला तुकडा), ४ ते ६ मिमीची: तुमचा हा हट्ट आता रेसिडेंटांच्या अंगवळणी पडलाय.

मुलांच्या फिकट चट्ट्यांसाठी तर विशेष आभार. आपल्याकडे फिकट चट्टा म्हटला की आधी शिबं नाहीतर कुष्ठरोग आठवतो. चट्ट्यावर संवेदना शाबूत असली तरी! स्लाइडवर तुम्ही दाखवलंत: एपिडर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या, तळाशी रांगेने बसलेल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), एकेकीभोवती पांढरं कडं, आणि इसबातली पेशींमधली सूज जवळजवळ नाहीच. टी-पेशींवरचा सीडी७ हा मार्कर (ओळखीचं प्रथिन) बऱ्याचदा गेलेला. या फिकट प्रकारात सीडी८ बहुधा पॉझिटिव्ह. जीन चाचणीत क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला टी-पेशींचा गट) सापडला तरी तेवढ्यावर तुम्ही शिक्का मारत नाही, कारण तो साध्या दाहातही सापडतो. दोन जागी तोच क्लोन निघाला, तर गोष्ट वेगळी.

‘कॅन्सर’ ऐकून हादरलेल्या घरच्यांशी बोलताना तुमचा रिपोर्ट फार कामी येतो. १० टक्क्यांहून कमी त्वचेवर नुसते चट्टे असतील (पेशंटचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का), तर आयुर्मान जवळपास इतरांइतकंच. मलम किंवा नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांचा उपचार) बहुधा पुरते. सुरुवातीलाच इलेक्ट्रॉन बीमसोबत (त्वचेला द्यायच्या रेडिएशनसोबत) जोरदार किमो देऊन आयुष्य वाढत नाही, त्रास तेवढा वाढतो, हे अमेरिकेतल्या १९८९ च्या चाचणीतच दिसलं होतं. १ सेंमी किंवा त्याहून मोठी गाठ आली की मात्र चित्र पालटतं; पाच वर्षांनी साधारण निम्मेच हयात असतात. म्हणून केसांच्या मुळांत शिरलेल्या पेशी, किंवा २५ टक्क्यांवर गेलेल्या मोठ्या पेशी, या धोक्याच्या खुणा तुम्ही रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत लिहिता, ते फार बरं करता.

आपले,
त्वचारोग विभागातील सहकारी